सदनिका खरेदीदाराची, जमीन कोणाची? : घरखरेदीच्या कायदेशीर प्रक्रियेतील काही नेहमीचे प्रश्न

प्रस्तावना

नोकरदार वर्गाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार म्हणजे घराची खरेदी होय. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि बँकेचे दीर्घ मुदतीचे कर्ज यांच्या आधारे हा व्यवहार पार पडतो. तथापि व्याजाचा दर आणि मासिक हप्ता यांविषयी जितकी चौकशी होते, तितकी दस्तऐवजांविषयी होत नाही. महाराष्ट्रातील सदनिका खरेदीसंबंधी वारंवार उपस्थित होणाऱ्या काही प्रश्नांचा ऊहापोह येथे केला आहे. त्यांपैकी जमिनीच्या अभिहस्तांतरणाचा प्रश्न सर्वाधिक दुर्लक्षित असल्याने त्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

सातबारावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध होते काय?

सातबारा उतारा व मालमत्ता पत्रक हे महसुली अभिलेख आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यांतील नोंदी विरुद्ध पुरावा येईपर्यंत खऱ्या मानल्या जातात; परंतु फेरफार नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही. मालकी निर्माण होते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र यांसारख्या दस्तांनी किंवा वारसा हक्काने. म्हणूनच वकिलामार्फत मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेण्याची प्रथा आहे. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची आहे काय, तीवर गहाणाचा बोजा आहे काय, सर्व वारसांच्या सह्या झाल्या आहेत काय, हे या शोधातून कळते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे हक्क निर्वेध आहे, असा समज रूढ आहे. बँकेचा वकील बँकेच्या हितासाठी कागद पाहतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

करारनामा केव्हा करावा?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’ कायद्याच्या कलम १३ नुसार, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय प्रवर्तकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. क्षेत्राचा उल्लेख चटईक्षेत्रात असावा लागतो. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठीच वापरण्याचे बंधन आहे. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळल्यास तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकाची असते. सदोष हक्कामुळे नुकसान झाल्यास भरपाईच्या दाव्याला मुदतीचा अडसर येत नाही, ही कलम १८ मधील तरतूद मात्र फारशी परिचित नाही.

करारनामा सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. केवळ कुलमुखत्यारपत्रावर होणारे व्यवहार मालकी हक्क देत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. इमारतीखालील खुल्या खांबांच्या जागेतील वाहनतळ स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने २०१० मध्ये दिला. तरीही अशा जागांसाठी वेगळी रक्कम मागितली जातेच.

मुद्रांक शुल्क पूर्ण भरले. मग मालकी अपूर्ण कशी?

खरा गोंधळ येथे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क आपोआप उत्पन्न होत नाही. याउलट महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार, ताबा दिला आहे किंवा द्यावयाचा आहे अशा करारावर अभिहस्तांतरणाइतकेच शुल्क आकारले जाते. पूर्ण शुल्क भरले, नोंदणी झाली, सूची क्रमांक २ हाती आली. साहजिकच खरेदीदारास व्यवहार पुरा झाल्याचे वाटते. सदनिकेपुरता तो बव्हंशी पुरा झालेलाही असतो. जमिनीच्या अभिलेखात मात्र मूळ मालकाचे किंवा विकासकाचेच नाव कायम असते.

गृहनिर्माण संस्थेच्या पद्धतीत जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण एकेका सभासदास होत नाही, संस्थेस होते. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील इमारतींत घोषणापत्र नोंदवून प्रत्येकास स्वतंत्र दस्त व जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो. त्यामुळे इमारत कोणत्या पद्धतीची आहे, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावयास हवा.

१९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या (मोफा) कायद्याखालील १९६४ च्या नियमांनी संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत अभिहस्तांतरणाची मुदत घातली होती. प्रत्यक्षात हजारो संस्था दशकानुदशके तशाच राहिल्या. विलंबात विकासकाचा उघड लाभ असतो. चटईक्षेत्र निर्देशांक वाढला की वाढीव बांधकामाचा हक्क जमीनमालक सांगू लागतो.

समजा, सोळा सदनिकांची एक संस्था १९९६ मध्ये नोंदली गेली आणि अभिहस्तांतरण झाले नाही. दरम्यान मूळ मालक निवर्तला, वारसांची नावे अभिलेखात लागली, विकासकाची भागीदारी विसर्जित झाली. इमारत मोडकळीस येऊन पुनर्विकासाचा विषय निघतो, तेव्हा जमिनीवर सही करण्यास संस्थेखेरीज इतरच माणसे पुढे येतात आणि प्रत्येक सहीची किंमत मागतात. सर्व हप्ते फेडलेल्या निवृत्त सभासदास हे कळते ते अशा वेळी.

मानीव अभिहस्तांतरण म्हणजे काय?

मोफा कायद्यात २००८ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने यावर उपाय दिला. प्रवर्तकाने टाळाटाळ केल्यास संस्थेला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे सक्षम प्राधिकारी म्हणून अर्ज करता येतो. करारनामे, सूची क्रमांक २, मंजूर नकाशा, जमिनीचे उतारे व संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र हे त्यातील मुख्य कागद होत. प्राधिकारी प्रवर्तकास म्हणणे मांडण्याची संधी देऊन, सहा महिन्यांहून अधिक नाही अशा वाजवी मुदतीत निर्णय देतो. त्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे प्रवर्तकाच्या सहीवाचून एकतर्फी दस्त नोंदवता येतो. अनेक संस्था आदेशावर थांबतात. मुद्रांक निश्चिती, दस्तनोंदणी आणि मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव लागणे हे टप्पे त्यानंतरचे आहेत.

या आदेशाने मालकीचा वाद अंतिमतः मिटत नाही; दुखावलेल्या पक्षास दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला राहतो. जुने करारनामे अपुऱ्या मुद्रांकावर असल्यास तेथेही अडचण येते.

पुनर्विक्रीतील सदनिका घेताना काय पाहावे?

पूर्वीच्या सर्व करारनाम्यांची साखळी, संस्थेचे भागपत्र, कर्जफेड झाल्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे कागद मूळ स्वरूपात पाहावेत. भोगवटा प्रमाणपत्राविना ताबा देण्यास मोफा कायद्याने मनाई केली आहे, तशी तो घेण्यासही. ही दुसरी बाजू खरेदीदार विसरतात. संस्थेच्या चिटणिसाकडे थकबाकीविषयी चौकशी होतेच. त्याच भेटीत मालमत्ता पत्रकाची प्रत मागून त्यावर संस्थेचे नाव आहे की अन्य कोणाचे, हे पाहून घ्यावे. नाव नसेल, तर अभिहस्तांतरणाचा अर्ज झाला आहे काय, कोणत्या तारखेस, आणि त्यासाठी सभासदांकडून किती रक्कम घेतली जाणार आहे, हे विसार देण्यापूर्वी लेखी घ्यावे.