शाळेच्या विक्रीसाठी रोपे : चेन्नईतील ऋतुमान आणि निवड

शाळेच्या ग्रंथालयासाठी अथवा क्रीडासाहित्यासाठी निधी उभारावयाचा असला, की विद्यार्थी खाद्यपदार्थांची व हस्तकलेच्या वस्तूंची दुकाने मांडतात. रोपांचे दुकान यांहून निराळे असते. वडा तेथेच खाऊन संपतो. रोप मात्र घेणाऱ्याच्या सज्जात राहते, आणि ते आठवडाभरात सुकले तर पुढील वर्षी तो गृहस्थ त्या दुकानाकडे फिरकत नाही. म्हणून रोपांची निवड करताना प्रथम पाहावयाचे ते हे, की विक्रीच्या दिवशी रोपाला स्वतःची मुळे असतील काय.

चेन्नईत बागकामाची आवड जुनी आहे. तेथील ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३५ साली स्थापन झाली. महाराष्ट्रातील वाचकाला मात्र या शहराचे ऋतुमान उलटे वाटेल. आपल्याकडे फांद्या लावावयाच्या त्या आषाढ-श्रावणात. चेन्नईत वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. मे महिन्यातील ‘कत्तिरि’ उन्हात कोवळे रोप तग धरीत नाही. त्यामुळे पोंगलनंतरचा, म्हणजे जानेवारीच्या अखेरीचा आठवडा विक्रीस उत्तम. हवा सौम्य असते आणि पावसाने रोपेही वाढलेली असतात. त्या दिवसापासून मागे मोजीत कामाचे दिवस ठरवावे.

सर्वांत सोपी लागवड फांदीपासून होते. कर्पूरवल्ली, म्हणजे आपल्याकडील पानओवा, तसेच पुदिना व रंगीत पानांचा कोलियस यांच्या फांद्यांना दहा ते पंधरा दिवसांत मुळे फुटतात. मनीप्लांटला तीन-चार आठवडे लागतात. पानफुटीचे पान ओलसर मातीवर नुसते ठेवले, तरी त्याच्या कडेच्या खाचांतून इवली रोपे उगवतात; मुलांना याचे नवल फार. क्रोटन अधिक हट्टी असून त्यास महिना-दीड महिना द्यावा लागतो.

येथेच फसगत होण्याचा संभव असतो. तोडलेली फांदी आपल्यातील साठ्यावर कित्येक दिवस हिरवी राहते. पाने बाष्परूपाने पाणी सोडीत असतात, परंतु ते भरून काढणारी मुळे नसतात. काल खोवलेली फांदी आणि महिन्यापूर्वी रुजलेली फांदी दुकानावर शेजारी ठेवल्या, तर गिऱ्हाइकास फरक कळत नाही. विकणाऱ्यास तो ठाऊक असतो. म्हणून पेराच्या किंचित खाली छाट घ्यावा, खालची पाने काढून टाकावी, फांदी सावलीत ठेवावी, आणि नवे पान फुटल्यावाचून कुंडी विक्रीच्या रांगेत मांडू नये. फांदी हळूच ओढून पाहावी. मुळे धरली असल्यास ती अडते. पाण्याच्या बाटलीत फुटलेली मुळे नाजूक असतात. अशी रोपे विक्रीपूर्वी निदान दोन आठवडे मातीत गेली पाहिजेत.

बियांचे गणित अधिक लांबचे. ठेंगणा झेंडू पेरणीनंतर सुमारे दोन महिन्यांत फुलतो, तेव्हा तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरावा. मुसळधार पावसात रोपे कुजून कोलमडतात, यास्तव वाफा आडोशाला असावा. सदाफुलीला तेथे नित्यकल्याणी म्हणतात. तिचे बी अंधारात चांगले उगवते. परंतु फुलण्यास तीन महिने लागत असल्याने ऑक्टोबर उजाडताच ते पेरणे बरे. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध या वनस्पतीपासून मिळाले असले, तरी ती पोटात गेल्यास विषारी आहे, हे चिठ्ठीवर लिहावे. कनकांबरम्, म्हणजे अबोली, तमिळ स्त्रियांच्या वेणीतील फूल असल्याने हमखास खपते. तिची पिकलेली बोंडे पाणी पडताच तडकतात व बी दूर उडते. मात्र बियांपासून फुलापर्यंत कित्येक महिने जातात. शाळा जूनमध्ये उघडताच आरंभ केला, तरच अबोली जानेवारीत हाती येईल. ‘दिल्ली’ नावाच्या गडद रंगाच्या अबोलीला बीच धरत नाही, ती फांदीनेच वाढवावी लागते.

मातीसाठी शेणखत, बागेची माती आणि नारळाच्या सोडणांचा भुसा सम प्रमाणात घ्यावा. भुशात क्षार असतात. तो दोन-तीनदा धुवावा. समुद्रालगतच्या वस्त्यांत विहिरींचे पाणी पुष्कळदा मचूळ असते, व कोवळ्या मुळांना ते बाधते. साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. २०१९ च्या उन्हाळ्यात शहरास पाणी पुरविणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ आटले होते. उन्हाळ्यात शंभर कुंड्यांची विक्री न योजण्याचे हे दुसरे कारण. कुंडीखालच्या ताटलीत पाणी तुंबू देऊ नये, त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

शंभर रोपे विकावयाची तर दीडशे लावावी, काही मरतातच. तमिळनाडूत जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरण्याच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा रोप वर्तमानपत्रात गुंडाळून अथवा ‘मंजप्पै’ या पिवळ्या कापडी पिशवीत द्यावे. सोबतच्या चिठ्ठीवर रोपाचे नाव, ऊन किती, पाणी केव्हा आणि रोप लावल्याची तारीख लिहावी. न विकली गेलेली रोपे फेकू नयेत. प्रत्येक जातीची दोन-तीन शाळेच्या भिंतीच्या सावलीत ठेवली, तर मे महिन्यात कोणीतरी त्यांना पाणी घालावे लागेल, परंतु पुढील डिसेंबरच्या फांद्या तेथूनच मिळतील.