खांडाला पुढारी असतो का?

आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’तून मराठी वाचकांपुढे आणलेल्या माणदेशी मेंढरांविषयी सर्वांत रूढ गैरसमज असा की, एखादी जाणती मेंढी वाट ठरवते आणि बाकीचे खांड, म्हणजे कळप, मुकाट्याने तिच्यामागे जाते. हा मेंढरांवर अन्यायच आहे. कारण मेंढ्यांच्या लहान गटांच्या हालचाली मोजून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, चरणे थांबवून गट चालू लागला की एक मेंढी पुढे होते खरी, परंतु पुढच्या खेपेस ती जागा दुसऱ्या मेंढीकडे जाते.

कायमचा पुढारी नसताना मोठा समूह एका दिशेने कसा वळतो, याचे उत्तर हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ तामास विचेक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिकृतीत सापडते. तीत प्रत्येक कण ठरावीक वेगाने चालतो आणि क्षणोक्षणी जवळच्या शेजाऱ्यांच्या दिशांची सरासरी धरतो, मात्र त्यात थोडी यादृच्छिक चूक होते, जिला ‘गोंगाट’ म्हणतात. दाटी कमी आणि गोंगाट मोठा असेतो कण वाटेल तसे भटकतात, परंतु दाटी वाढून किंवा गोंगाट घटून एक मर्यादा ओलांडली गेली की, पाण्याचे बर्फ व्हावे तसे अवस्थांतर होऊन सारा समूह एकाच दिशेने निघतो.

घाबरलेला कळप वाट फुटेल तिकडे पळतो, हेही खरे नाही. २०१२ च्या एका अभ्यासात मेंढ्यांच्या पाठीवर जीपीएस यंत्रे बांधून कुत्रा सोडला असता त्या कळपाच्या मध्याकडे धावल्या; संकट आणि आपण यांच्यामध्ये दुसरे कोणी तरी असावे, या धडपडीला जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९७१ मध्येच ‘स्वार्थी कळप’ म्हटले होते. एकजूट दिसते ती मायेपोटी नव्हे. निवांत चरतानाही अस्पर्शित गवताच्या शोधात खांड हळूहळू पांगते, मग काही मेंढ्या धावताच शेजारच्या धावतात आणि धावणाऱ्यांची संख्या वाढेल तशी इतरांची ओढ वाढत जाऊन क्षणात सारे एकवटते.

असा गैरसमज पक्ष्यांविषयीही होता: हिवाळ्यात शाळूवर उतरणाऱ्या भोरड्यांसारख्या पक्ष्यांच्या थव्यांत विचारसंक्रमण होत असावे, असे पक्षीनिरीक्षक एडमंड सेलस यांनी १९३१ मध्ये सुचवले होते. तथापि भोरड्यांच्याच कुळातील पक्ष्यांच्या रोममधील थव्यांचा २००८ चा अभ्यास सांगतो की, प्रत्येक पक्षी अंतर कितीही असले तरी जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष ठेवतो, त्यामुळे थवा विरळ झाला तरी तुटत नाही.

मेंढपाळ पुढे चालून नव्हे, तर मागून खांड हाकू शकतो, तेही शेजाऱ्यांकडे पाहून वागण्याच्या याच नियमांमुळे: २०१४ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीनुसार आधी कडेच्या भरकटलेल्या मेंढीला वळसा घालून ती आत आणावी लागते आणि सारी एकवटल्यावरच मागून रेटावे लागते, पांगलेल्या खांडास थेट हाकले, तर ते फुटते.