पेठ कोणाच्या बळावर वसते?

पेशवाईत एखादी नवी पेठ वसवावयाचे ठरले म्हणजे सरकारातून कौल दिला जात असे. जो उदमी येऊन दुकान बांधील त्यास काही वर्षे जकात व पट्ट्या माफ, असा त्या कौलाचा आशय असे. जागा सरकारची, बंदोबस्त सरकारचा, आणि पेठ भरभराटीस आली म्हणजे वसुलीही सरकारची. विकावयाचा माल मात्र बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याचा. माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून व्यापारी येत नाही, हे कोडे पेठ वसवणारास प्रथम सोडवावे लागे.

हेच कोडे टेलिव्हिजनला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांच्या, म्हणजे कन्सोलच्या, धंद्यात जसेच्या तसे आढळते. यंत्र करणारी कंपनी जणू पेठ बांधते. त्यावर चालणारे काही खेळ ती स्वतः तयार करते. बाकीचे बाहेरच्या कंपन्या तयार करतात आणि प्रत्येक विकल्या नगामागे यंत्रवाल्यास ठरावीक रक्कम भरतात. या बाहेरच्या कंपन्यांना त्या धंद्यात थर्ड पार्टी म्हणतात; आम्ही त्यांस बाहेरचे खेळकर्ते म्हणू. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेल्या नकली यंत्रांत कॅसेट घालून मुले दोन खेळ विशेष खेळत: मारिओ आणि कॉन्ट्रा. त्यांतील मारिओ हा निंटेंडो या मूळ यंत्रकर्त्या कंपनीच्या घरचा, तर कॉन्ट्रा हा कोनामी नामक बाहेरच्या खेळकर्त्याचा. म्हणजे घरचा माल आणि बाहेरचा माल हा भेद ज्यांना ठाऊक नव्हता त्यांच्याही हातून दोन्ही गेलेले आहेत.

यंत्र यशस्वी व्हावयाचे तर बाहेरच्या खेळकर्त्यांचा मोठा मेळावा पाठीशी हवाच काय, हा आमचा प्रश्न आहे. आमच्या काही सभासदांच्या दुकानांत ही यंत्रे विक्रीस असतात, आणि पुष्कळांच्या घरी मुलांची त्यांसाठी मागणी असते. निर्मात्याने एखादे यंत्र वाऱ्यावर सोडले की दुकानदाराच्या फळीवरील माल आणि गिऱ्हाइकाने मोजलेले पैसे दोन्ही अडकून पडतात. सबब हा विचार केवळ पोरखेळाचा नव्हे.

अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली आपले यंत्र आणले तेव्हा बाहेरचा खेळकर्ता ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. खेळ रचणाऱ्या नोकरांची नावे डब्यावर छापीत नसत आणि खपात त्यांस वाटाही नसे. १९७९ साली त्यांपैकी चौघे कारागीर बाहेर पडले आणि त्यांच्या हुन्नरावर ॲक्टिव्हिजन ही पहिली बाहेरची खेळकंपनी उभी राहिली. अटारीने दावा लावला. १९८२ साली तडजोड होऊन रॉयल्टी भरण्याच्या बोलीवर मार्ग मोकळा झाला. मग काय विचारता! ओट धान्याच्या पाकिटांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्वेकर ओट्स कंपनीनेही खेळांचा विभाग चालविला. धान्याच्या अडत्याने एकाएकी नाटक कंपनी काढावी तसा हा प्रकार होता. भिकार मालाचे ढीग दुकानांत येऊन पडले. न खपलेला माल परत करावयास जावे तो पाठविणारी कंपनीच बुडालेली; तेव्हा दुकानदारांनी तीस-पस्तीस डॉलरांचे खेळ पाच डॉलरांस फुंकून टाकले, आणि त्या भावापुढे चांगला मालही पुरत्या किमतीस कोणी घेईना. १९८३ पासून दोन वर्षांत अमेरिकेतील हा बाजार नऊ दशांशांहून अधिक आटला. अटारीने स्वतः घाईघाईने केलेला ई. टी. हा खेळही त्यात होताच. त्याच्या प्रती न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या गेल्या आणि २०१४ साली उकरून काढण्यात आल्या. तेव्हा सगळा दोष बाहेरच्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु पेठेस वेस नसली म्हणजे काय होते, ते येथे दिसले.

निंटेंडोने हे नीट पाहून ठेवले. ही क्योतो शहरातील १८८९ साली पत्ते करण्यासाठी स्थापन झालेली पेढी. हिरोशी यामाउची १९४९ साली बाविसाव्या वर्षी तिच्या गादीवर बसले आणि २००२ पर्यंत बसून होते. १९८३ साली जपानात त्यांनी यंत्र आणले. पुढच्याच वर्षी हडसन व नामको हे बाहेरचे खेळकर्ते त्यात सामील झाले. १९८५ साली अमेरिकेत जाताना मात्र त्यांनी वेशीवर कुलूप घातले. यंत्रात एक चिप बसविली. तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये नसेल तर खेळ चालत नसे. परवाना घेणाऱ्याने वर्षाला पाचच खेळ काढावयाचे, तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर द्यावयाचा नाही, आणि कॅसेटी निंटेंडोकडूनच करवून घ्यावयाच्या. अटी जाचक होत्या यात संशय नाही, तरीही खेळकर्ते रांग लावून उभे राहिले, कारण गिऱ्हाईक तेथेच होते. ते यंत्र ६ कोटींहून अधिक खपले. येथे मेळावा होता, पण मोजून घेतलेला होता.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण पाहावे. १९९३ साली अमेरिकेत थ्रीडीओ नावाचे यंत्र आले. बाहेरच्या खेळकर्त्यांस इतकी सवलत पूर्वी कोणी दिली नव्हती: नगामागे रॉयल्टी अवघी ३ डॉलर. खेळकर्ते आले, खेळही आले. पण ज्या कंपनीची ही योजना ती स्वतः यंत्र करीत नव्हती. पॅनासोनिक आदी कारखानदार परवान्यावर ते करीत. एरवी यंत्रवाला यंत्र अगदी कमी नफ्याने, प्रसंगी तोट्यानेही विकतो आणि पुढे खेळांच्या रॉयल्टीतून भरपाई करतो. येथे रॉयल्टीचा धनी एक आणि यंत्राचा कारखानदार दुसरा. कारखानदाराने तोटा कोणासाठी सोसावा? त्यास यंत्रावरच नफा काढणे भाग होते. किंमत ठेवली गेली सुमारे ७०० डॉलर, आणि यंत्र पडून राहिले. व्यापाऱ्यांची एवढी सोय पाहणारी पेठ गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार विसरली.

सेगा कंपनीची कथा आमच्या किरकोळ विक्रेत्या सभासदांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. सॅटर्न हे तिचे यंत्र अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ रोजी यावयाचे जाहीर झाले होते. ११ मे रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात कंपनीने एकाएकी सांगितले की यंत्र आजच काही निवडक दुकानांत पोहोचले आहे. किंमत ३९९ डॉलर. सोनी कंपनीने तेथेच आपल्या प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर सांगितली. परंतु खरी हानी शंभर डॉलरांच्या फरकाने तेवढी झाली नाही जेवढी ती घाईने झाली. ज्या दुकानांस यंत्र मिळाले नाही ती चिडली. केबी टॉईज या मोठ्या साखळीने तर सेगाचा नवा माल ठेवण्याचेच नाकारले. बाहेरच्या खेळकर्त्यांनी सप्टेंबरच्या बेताने खेळ तयार ठेवावयाचे योजिले होते. त्यांच्याजवळ मेमध्ये विकावयास काहीच नव्हते. यंत्र फळीवर, आणि त्याभोवती खेळ बोटांवर मोजण्याइतके! पुढे सेगाचे ड्रीमकास्ट हे उत्तम यंत्र आले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या खेळकर्त्याने त्याकडे पाठच फिरविली. २००१ साली सेगाने यंत्रे करणे सोडले आणि ती स्वतःच बाहेरची खेळकर्ती होऊन कालच्या प्रतिस्पर्ध्यांच्या पेठेत दुकान मांडून बसली.

सोनीचे पाहावे तर १९९४ साली तिच्याजवळ घरचा माल थोडाच होता. तिला बाहेरच्यांवाचून गत्यंतर नव्हते आणि तिने ते ओळखले. खेळ कॅसेटीऐवजी सीडीवर दिले. सीडी स्वस्त, तिच्यात जागा पुष्कळ, मागणी आली की पुन्हा लवकर छापून मिळे. निंटेंडोने १९९६ च्या आपल्या यंत्रात महागडी कॅसेटच ठेवली. स्क्वेअर या जपानी खेळकर्त्याचा फायनल फँटसी ७ हा खेळ तीन सीडींवर मावणारा. तो १९९७ साली सोनीकडे गेला. सोनीचे यंत्र १० कोटींहून अधिक खपले, निंटेंडोचे सुमारे ३ कोटी ३० लाख. मात्र एक गोष्ट व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटू नये: त्या वर्षांत निंटेंडो तोट्यात गेली नाही. दुसरा क्रमांक म्हणजे दिवाळे नव्हे.

येथवर आल्यावर आम्ही आमचे मत सांगून टाकतो. ज्याच्या घरी असा माल आहे की जो दुसऱ्या कोणत्याही पेठेत मिळत नाही, त्यास बाहेरचा मेळावा थोडका असला तरी चालतो. ज्याच्या घरी तो नाही, त्यास मेळाव्याशिवाय तरणोपाय नाही. आणि पुष्कळ वेळा मेळावा हे यशाचे कारण नसून यशाची सावली असते. हैदराबादेतील ऑरोना टेक्नॉलॉजीजने रचलेला हनुमान: बॉय वॉरियर हा खेळ प्लेस्टेशन २ वर आला तो २००९ साली, ते यंत्र नऊ वर्षांचे जुने झाल्यावर. तो सोनीनेच प्रसिद्ध केल्यामुळे काटेकोर अर्थाने बाहेरचा माल नव्हे. परंतु आमच्या दक्षिणेतला कारागीर त्या पेठेपर्यंत गेला तो पेठ आधीच भरलेली होती म्हणून.

हे मत निंटेंडोच्याच पुढील यंत्रांवर घासून पाहता येते. २००६ साली तिने वी हे यंत्र आणले. त्या काळचे पुष्कळ मोठे खेळ त्यावर येऊच शकत नव्हते, इतके ते प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने दुबळे. पण हात हलवून टेनिस खेळता येते हे पाहून आजी-आजोबाही उठून उभे राहिले, आणि ते १० कोटींहून अधिक खपले. शिवाय निंटेंडो यंत्रावरही नफा मिळवीत होती, म्हणून बाहेरच्यांच्या रॉयल्टीवर तिचे घर अवलंबून नव्हते. मग २०१२ साली वी यू आले. घरचा माल तोच, कारागीर तेच. परंतु नव्या यंत्रात निराळे काय, हेच गिऱ्हाइकास समजेना. खप मंद पाहून इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने दुसऱ्याच वर्षी हात आखडता घेतला, इतरही पांगले, आणि घरच्या दोन खेळांमधले महिनोन्‌महिने फळी सुनी राहू लागली. यंत्र १ कोटी ३६ लाखांच्या आसपास थांबले. त्यावर मारिओ कार्ट ८ हा खेळ ८० लाखांहून अधिक गेला होता. तोच खेळ किंचित भर घालून २०१७ साली स्विच या यंत्रावर आला आणि ६ कोटींहून अधिक खपला. माल एकच, पेठ दुसरी!

स्विचमध्ये निंटेंडोने काय केले? पूर्वी तिचे कारागीर दोन ठिकाणी विभागलेले असत, हातात धरून खेळावयाचे यंत्र निराळे आणि टीव्हीचे निराळे. ती दोन्ही एक झाली, त्यामुळे घरचा सारा माल एकाच फळीवर येऊ लागला. मधल्या रिकाम्या जागा छोट्या-छोट्या स्वतंत्र खेळकर्त्यांनी भरल्या. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ तर मुळात एकाच माणसाने रचलेला. कॉल ऑफ ड्यूटी हा युद्धाचा प्रचंड खपाचा खेळ स्विचवर कधीच आला नाही, आणि स्विच १५ कोटींहून अधिक खपले.

त्या कॉल ऑफ ड्यूटीची मालक तीच ॲक्टिव्हिजन, चौघा कारागिरांची. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजून विकत घेतली. एवढा माल घरात आणल्यावर मायक्रोसॉफ्टने तो आपल्याच एक्सबॉक्स यंत्रावर कोंडून ठेवला असता असे कोणास वाटेल. पण सौद्यास सरकारी संमती मिळविताना तिने निंटेंडोशी दहा वर्षांचा करार करून कॉल ऑफ ड्यूटी देण्याचे कबूल केले, आणि २०२५ साली आपला फोर्झा होरायझन ५ हा मोटारशर्यतीचा खेळ सोनीच्या प्लेस्टेशन ५ वरही विकावयास काढला. सर्वांत मोठा माल हाती असूनही स्वतःची पेठ म्हणावी तशी भरत नाही, म्हणून शेजारच्या पेठेत गाळा घेण्याची पाळी तिच्यावर आली आहे.