हाताने ऐकलेला ताल



२६ जानेवारी जवळ आली की शाळेत समूहगीताची तयारी सुरू होते. पेटीवरची धूळ झटकली जाते, ढोलकी कोणाच्या तरी घरून येते. काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातील एका शाळेत मी अशीच तयारी घेत होते. वर्गात एक मुलगी कर्णबधिर होती. मी तिच्या हातात फुलांची परडी दिली आणि बाजूला उभे राहण्याची खूण केली. मला वाटले, जिला ऐकू येत नाही तिला गाण्याचा काय उपयोग? ती थोडा वेळ थांबली. मग परडी खाली ठेवून ढोलकी ठेवलेल्या बाकाजवळ गेली. तिने लाकडावर एक तळहात टेकवला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरला. ठेका अगदी बरोबर होता. चूक माझी होती.

हे कसे घडले? आवाज म्हणजे कंप. ढोलकीवर थाप पडली की तिचे कातडे थरथरते. त्यामुळे हवा थरथरते आणि ती थरथर आपल्या कानापर्यंत पोहोचते. पण ढोलकी ज्या लाकडावर ठेवली आहे, ते लाकूडही थरथरतेच. जाड आवाजाचा कंप सावकाश असतो, तो हाताला चांगला समजतो. बारीक आवाजाचा कंप फार जलद असतो, तो तितका समजत नाही. म्हणून कर्णबधिर मुलांना आधी डग्गा, ढोल, डफ अशी वाद्ये द्यावीत, बासरी नंतर. शिवाय बहुतेक कर्णबधिर मुलांना थोडेफार ऐकू येतच असते. तुम्हीही कानांत कापसाचे बोळे घालून बाकावर तळहात टेकवा आणि मित्राला सहा मात्रांचा दादरा वाजवायला सांगा.

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. त्यांचे शिक्षक मोठा नगारा वाजवत आणि त्यांना भिंतीवर हात ठेवायला सांगत. कोणता स्वर शरीरात कोठे जाणवतो हे त्या शिकल्या. पुढे त्या जगप्रसिद्ध वादक झाल्या. त्या रंगमंचावर अनवाणी वाजवतात.

अंध मुलांची अडचण वेगळी. त्यांचा गळा जन्मतःच गोड असतो, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. त्यांनाही इतरांइतकाच रियाज करावा लागतो. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्याने इजा झाली. शाळेचे वाचन अवघड झाले, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले.

ऐकून गाणे येते, पण ते लिहून कसे ठेवायचे? लुई ब्रेल स्वतः अंध होता आणि ऑर्गन वाजवत असे. १८२९ साली त्याने आपली ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात शब्दांबरोबर संगीतही लिहिण्याची सोय होती. सहा ठिपक्यांतून ६३ चिन्हे होतात. मराठीचा 'द' आणि उर्दूची दाल यांचे ब्रेलमधील चिन्ह एकच आहे. पाश्चात्य संगीतात तेच चिन्ह 'डो' या स्वराचे होते. आणखी एक गंमत. आपण उर्दू उजवीकडून लिहितो, पण ब्रेलमधली उर्दू मराठीसारखीच डावीकडून वाचतात. अडचण एवढीच की हात वाचण्यात गुंतला तर वाजवायचे कशाने? म्हणून आधी बोटांनी ओळ वाचायची, पाठ करायची आणि मग वाजवायची.

ज्या मुलांना समजायला वेळ लागतो, त्यांना एका वेळी एकच छोटी ओळ द्यावी आणि ती रोज त्याच वेळी म्हणावी. येथे घाई उपयोगाची नाही.

त्या २६ जानेवारीला आम्ही ढोलकी एका लांब लाकडी फळीवर ठेवली. त्याच फळीवर ती मुलगी चप्पल काढून, हातात डफ घेऊन उभी राहिली. तिची अम्मी समोर बसली होती. दुसऱ्या कडव्यात गाणारी मुले घाईने पुढे पळाली. डफ मात्र ढोलकीबरोबरच राहिला.