कलमाच्या पलीकडचा आरोपी

सत्र न्यायालयात दोष सिद्ध झाला की न्यायाधीश आरोपीला विचारतात, "शिक्षेबाबत काही सांगायचं आहे का?" हे विचारणं कायद्याने बंधनकारक आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम २३५ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. आरोपी गोंधळून वकिलाकडे बघतो. वकील उठतात आणि ठरलेली वाक्यं बोलतात: गरीब आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारी आई आहे, पदरात लहान मुलं आहेत, दया दाखवावी. बरेचदा त्याच दिवशी शिक्षाही सुनावली जाते. साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यायची हे त्या वकिलाने कॉलेजात आणि नंतर सीनियरच्या हाताखाली घोटलेलं असतं. समोरचा माणूस गुन्ह्यापर्यंत कसा पोहोचला, तो सुधारण्याची शक्यता किती, आणि हे शोधून न्यायालयापुढे कसं मांडायचं, हे मात्र त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

कायदा आणि गुन्हेशास्त्र एकत्र शिकवणाऱ्या पदवीची गरज इथे आहे. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये अशी जोडपदवी आता सर्रास मिळते. आपल्याकडे तिचं रूप अजून विखुरलेलं आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांमध्ये ऐच्छिक विषयांचा एक गट 'गुन्हा आणि गुन्हेशास्त्र' असा आहे. त्यात कारागृह प्रशासन, दंडशास्त्र आणि पीडितशास्त्र, परिवीक्षा आणि पॅरोल, गुन्हेगारी मानसशास्त्र असे विषय सापडतात. गांधीनगरचं न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ २००८ साली गुजरात सरकारने काढलं आणि २०२० च्या कायद्याने ते राष्ट्रीय झालं. तिथे विज्ञान आणि कायदा यांचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम चालतो. बाकी बहुतेक ठिकाणी गुन्हेशास्त्र म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक पेपर. परीक्षेपुरता वाचायचा आणि सोडून द्यायचा.

या जोडीची भारतातली सुरुवात मात्र फार जुनी आणि आपल्या जवळची आहे. डॉ. हरिसिंह गौर यांनी नागपुरात वकिली केली, नागपूर विद्यापीठाचं कुलगुरुपदही भूषवलं. भारतीय दंडविधानावरचं त्यांचं भाष्य वकिलांच्या टेबलावर असे. स्वतःची कमाई ओतून त्यांनी १९४६ साली सागरला, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रांतात, विद्यापीठ उभारलं. १९४९ मध्ये ते गेले. त्यांच्या मागे दहा वर्षांनी, १९५९ साली, याच विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक यांचा विभाग सुरू झाला. देशातल्या विद्यापीठांतला असा तो पहिला. ज्या माणसाने दंडविधानाचं कलमन् कलम उलगडून दाखवलं, त्याच्याच विद्यापीठात गुन्ह्याच्या कारणांचा अभ्यास सुरू व्हावा, हे मला अतिशय उचित वाटतं.

पण या शास्त्राच्या इतिहासात एक काळं पानही आहे, आणि ते विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी वाचायला लावलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इटलीत लोंब्रोझो नावाचा अभ्यासक कवट्या आणि जबडे मोजून 'जन्मजात गुन्हेगार' शोधत होता. त्याच काळात, १८७१ साली, इंग्रज सरकारने इथे गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची कल्पना थेट कायद्यात उतरली. पारध्यांसारख्या जमातींवर हजेरी लादली गेली, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र रद्द झाला नाही. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. तोवर त्यांची सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. म्हणून गुन्हेशास्त्र एकटं शिकवणं धोक्याचं आहे. पुरावा, निर्दोषत्वाचं गृहीतक, समानतेचा हक्क यांचा लगाम त्याला हवाच. आणि कारणांकडे न बघणारा नुसता कायदा माणूस ओळखू शकत नाही.

माणूस न ओळखल्याने काय होतं, याचं याहून बोलकं उदाहरण पुण्यातलं आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांचे खून झाले. आरोपींतल्या एका मुलाची नोंद सज्ञान म्हणून झाली आणि त्याला फाशी सुनावली गेली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती कायम राहिली. तो अल्पवयीन होता का, हे खोलात जाऊन कुणी तपासलं नाही. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए' या गटाने त्याची बाजू लढवली. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदवहीत त्याचं वेगळं नाव आणि जन्मतारीख होती. नोंदवहीतला तो मुलगा आणि हा कैदी एकच, हे पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या चौकशीत पुढे आलं. गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. बालन्याय कायद्याखाली त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. मार्च २०२३ मध्ये तो सुटला तेव्हा अठ्ठावीस वर्षं उलटून गेली होती.

यातलं कौशल्य नीट पाहा. अल्पवयाचा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतो, हे कायदा जाणणाऱ्याला माहीत असतं. पण त्यासाठी कैद्याशी पुन्हापुन्हा बोलून त्याचं बालपण जोडत न्यावं लागतं, गाव शोधावं लागतं, शाळेत जाऊन जुनी नोंदवही उघडून घ्यावी लागते. हे गुन्हेशास्त्राच्या क्षेत्रकार्याचं काम आहे. याच गटाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांवरचा अहवाल काढला, तेव्हा ३७३ कैद्यांची माहिती त्यांच्या आणि कुटुंबीयांच्या मुलाखतींतून गोळा केली होती. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले निघाले.

सर्वोच्च न्यायालयानेही ही गरज स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे. फाशी फक्त 'दुर्मिळातील दुर्मीळ' प्रकरणांतच द्यावी, हे तत्त्व १९८० च्या बच्चनसिंग खटल्यातलं. आरोपी सुधारू शकतो का, हे पाहणं त्यातच होतं. पण पाहायचं कसं, हे चाळीस वर्षं ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं राहिलं. मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने सांगितलं की फाशीच्या प्रकरणांत आरोपीचं कुटुंब, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच गोळा व्हावी. आता असे अहवाल लिहिणारी आणि त्यांतल्या उणिवा दाखवू शकणारी माणसं हवीत. ती कोण घडवणार?

केवळ फाशीपुरती ही गोष्ट नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्या तरुणाला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, तुरुंगात धाडण्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. हा अहवाल मागा असं न्यायालयाला सांगायला वकिलाला ते कलम आठवावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा आली आहे. नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही आली. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्याने संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर जन्मठेपेचे व फाशीचे गुन्हे वगळता त्याला जामिनाचा मार्ग मोकळा होतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. कलम पुस्तकात आहे. कैद्याने आत किती दिवस काढले हे मोजून अर्ज टाकणारा कुणी असेल तरच त्याचा उपयोग.

बार कौन्सिलने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप सांगितली आहे. त्यातले निदान चार आठवडे कारागृह, परिवीक्षा कार्यालय आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सक्तीचे करावेत, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्राला हे परकं नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत वसवली. 'दो आंखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा तीच. अशा जागी विद्यार्थ्याने एकदा तरी राहून यावं.

बारावीनंतर कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना एक विनंती. कॉलेजची इमारत, मूट कोर्टाचे चषक, प्लेसमेंटचे आकडे जरूर बघा. पण प्रवेश घेण्याआधी तिथल्या प्राध्यापकांना आणखी एक प्रश्न विचारा: गेल्या वर्षी तुमचे किती विद्यार्थी तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलले, आणि त्यातून किती अर्ज न्यायालयात दाखल झाले?