विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानात इंजिन कशावर टिकते?

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले २०२० मध्ये. मधली वर्षे बरीचशी नोंदणी-परवान्यांत गेली.

गच्चीची गोष्ट सगळ्यांना आठवते. घरगुती विमानाचा खरा जीव मात्र इंजिन माउंटमध्ये असतो. पोलादी नळ्या त्रिकोणांत वेल्ड केलेला हा सांगाडा. एक बाजू केबिनपुढच्या फायरवॉलला, दुसरीवर इंजिन. चार सिलिंडरचे साधे इंजिनही शंभर किलोच्या आसपास भरते आणि उंची राखून ६० अंश कलत वळताना माउंटवरचा त्याचा भार दुप्पट होतो.

इंजिन थोडे पुढे सरकले, तरी विमानाचे नाक जड होते. म्हणून आधी माप, मग वेल्डिंग. थरथर शोषायला मध्ये रबर. बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळत नाहीत. टॉर्क पान्याने ठरलेल्या आकड्यापर्यंतच. अनेक जण माउंटला फिका रंग देतात, वेल्डजवळची बारीक चीर चटकन दिसावी म्हणून. पहिल्या काही उड्डाणांत रबर दबते, तेव्हा बोल्ट पुन्हा तपासावे लागतात.