नृत्य, शील आणि कुड्याचे शैलशिल्प

पेण व रोहा परिसरात लोकनृत्याची परंपरा जुनी आहे. फेर धरून होणारा बाल्या नाच, आगरी-कोळ्यांचे नाच, ठाकर-कातकऱ्यांचे नाच या भूमीत आजही टिकून आहेत. लग्नाच्या वरातीत वा जयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या तरुणाचा शीलभंग होतो काय, असा प्रश्न उपासकांकडून वारंवार विचारला जातो. पूजाविधीचा प्रश्न निराळा आहे. प्रस्तुत लेखात आम्ही केवळ नृत्याचा विचार करीत आहोत.

प्रथम शिक्षापदे पाहू. पंचशीलात नृत्याचा उल्लेख नाही. अष्टशीलातील सातव्या शिक्षापदात मात्र नच्च, गीत, वादित व विसूकदस्सन, म्हणजे नाच, गाणे, वाजविणे व खेळतमाशे पाहणे, यांपासून विरत राहण्याचा संकल्प आहे. हा संकल्प उपोसथाच्या दिवसापुरता आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात राजगृहातील गिरग्गसमज्जाची हकीकत येते. षड्वर्गीय भिक्खू तो उत्सव पाहावयास गेले, तेव्हा हे गृहस्थांप्रमाणे कामभोगी आहेत, अशी टीका लोकांनीच केली. त्यावरून भिक्खूंसाठी नियम झाला; गृहस्थांचा उत्सव बंद करण्यात आला नाही.

संयुत्तनिकायातील तालपुट नटाचा प्रसंग याहून गंभीर आहे. प्रेक्षकांना हसविणारा नट मरणोत्तर देवलोकी जातो काय, असे त्याने विचारले. तथागतांनी दोनदा उत्तर देण्याचे टाळले व तिसऱ्यांदा सांगितले की, राग, द्वेष व मोह यांनी आधीच बद्ध असलेल्या लोकांत नट त्यांचीच वृद्धी करतो. येथे आक्षेप अंगविक्षेपावर नसून त्यातून चित्तात जे वाढते त्यावर आहे. उलटपक्षी, महापरिनिब्बानसुत्तात कुसिनाऱ्याच्या मल्लांनी तथागतांच्या देहाचा सत्कार नृत्य, गीत व वाद्य यांनी केला, असे वर्णन आहे. अशोकानेही आपल्या पहिल्या शिलालेखात समाजोत्सवांतील दोष दाखवून काही समाज चांगले असल्याचे नमूद केले आहे.

आता शिल्पाकडे वळू. रोह्याच्या दक्षिणेस तळा तालुक्यात कुड्याची २६ लेणी आहेत. सहाव्या लेण्यात स्त्री-पुरुषांची युगुले कोरलेली असून त्यांचे कार्ल्याच्या युगुलांशी साम्य आहे. अशा युगुलांना काही अभ्यासक दाते मानतात, काही मंगलसूचक मिथुने, तर काही नर्तक. कुड्याच्या लेखात मात्र नृत्याचा शब्द नाही. लेखक शिवभूती याचा धाकटा भाऊ शिवम याने हे लेणे दिले. ‘सेलरूपकम्म’, म्हणजे शैलशिल्पाचे काम, त्याची पत्नी विजया व पुत्र यांच्या नावे, तर स्तंभ कन्यांच्या नावे आहेत. त्यामुळे या मूर्तींना नर्तक म्हणणे हे अनुमान ठरते, पुरावा नव्हे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात मात्र वादक स्त्रियांच्या मध्ये नाचणारी स्त्री निःसंशय दिसते, आणि तीही गर्भगृहात.

भारतीय नृत्याच्या अभ्यासात नाट्यशास्त्रातील १०८ करणे हेच बहुधा मोजमाप मानले जाते. शिल्पातील प्रत्येक वाकलेल्या देहाला त्यातील नाव देण्याची घाई त्यामुळे होते, आणि ज्या नाचाला शास्त्रात नाव नाही तो ‘ग्राम्य’ ठरून अभ्यासाबाहेर राहतो. पालि साहित्याचा निकष वेगळा आहे. नाच शास्त्रोक्त आहे की ग्राम्य, असे ते विचारीत नाही. तो कोण करतो, कोणत्या दिवशी करतो व त्याने चित्तात काय वाढते, हे ते विचारते.

हाच निकष आपल्या गावांना लावावा. ज्याने अष्टशील घेतले आहे त्याने त्या दिवशी नाचापासून दूर राहावे. एरवी गृहस्थाच्या नाचाने शीलभंग होत नाही. मात्र त्या नाचात मद्य शिरले तर पंचशीलातील पाचवे शील मोडते, आणि स्त्रीची विटंबना झाली तर नाचाचे निमित्त दोष झाकू शकत नाही. आक्षेप घ्यावयाचा तो तेथे घ्यावा. पायांच्या तालावर नव्हे.